वाहून गेले म्हणजे गेले काय?

काही समजुती लोकांच्या मनात इतक्या खोल रुजलेल्या असतात, की त्यांची परीक्षा करावयास जो निघेल तोच वेडा ठरावा. ‘वाहते पाणी निर्मळ’ ही त्यांपैकीच एक होय. डबके नासते, विहीर नासते. पण नदी नासत नाही. तिच्यात जे पडेल ते ती घेऊन जाते व समुद्राच्या पोटात घालते; आणि समुद्राचे पोट तर एका अगस्तीखेरीज कोणास रिकामे करता आले नाही, तेव्हा ते भरून जाण्याचीही चिंता नको! या विचारावर आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत झोपला आहे. निर्माल्य, राख, केरकचरा यांच्यापुरता तो विचार बऱ्याच अंशी खपूनही गेला, कारण हे सारे पदार्थ कुजणारे होते. परंतु जे फुटते, झिजते, बारीक होते, पण नाहीसे म्हणून होत नाही, त्या प्लॅस्टिकलाही हीच समजूत लावून लोक मोकळे झाले, आणि येथे मात्र तिचे दिवाळे वाजले आहे. रायगड जिल्ह्याच्या नद्या व तिथला किनारा यांच्या उदाहरणाने हे दिवाळे वाचकांपुढे मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सांप्रत या विषयावर जी चळवळ चालते तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन यांपैकी एखाद्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी मंडळी जमतात, हातमोजे चढवितात, बाटल्या व पिशव्या वेचतात, पोती भरतात, छायाचित्रे काढवितात आणि समाधानाने घरी परततात. या मंडळींच्या श्रमाची थट्टा करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. घरी बसून उपदेश करणाऱ्यापेक्षा वाकून एक पिशवी उचलणारा केव्हाही श्रेष्ठ. आमचा आक्षेप निराळा आहे. या मोहिमांनी लोकांची अशी समजूत करून दिली आहे, की प्लॅस्टिकचे घर समुद्रकिनारा असून तो झाडला म्हणजे घर झाडले. वस्तुतः किनारा हा उंबरठा होय. कोठार मागे आहे, आणि ते नदीच्या तळच्या वाळूत आहे.

प्लॅस्टिकचे ५ मिलिमीटरहून लहान तुकडे म्हणजे सूक्ष्म प्लॅस्टिक. इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली हे नाव रूढ केले. हे कण कोठून येतात? पिशव्या, दोर व जाळी उन्हाने फुटून त्यांचा भुगा होतो. पॉलिएस्टरचे कपडे धुताना त्यांचे तंतू सुटतात. मोटारींचे टायर रस्त्यावर झिजतात. आणि कारखान्यांत ज्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात, तो कच्च्या प्लॅस्टिकचा मसुरीएवढा दाणा पोत्यांची चढउतार होताना सांडतो. यांतील काही कण पाण्यापेक्षा हलके असतात, काही जड. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात. बाटल्यांचे व पॉलिएस्टर कापडाचे प्लॅस्टिक पाण्याच्या सुमारे १.३८ पट जड असल्याने बुडते. म्हणून कोणी म्हणेल, की जड असेल ते तळाशी राहील व हलके असेल ते समुद्रास मिळेल. प्रत्यक्षात हलक्या कणांवरही काही दिवसांत शेवाळाचा व जंतूंचा थर बसतो, मातीचे बारीक कण चिकटतात, आणि तेही खाली बसू लागतात.

परंतु नुसते खाली बसणे हा या प्रकरणाचा लहान भाग झाला. मुख्य गोष्ट अशी, की नदी तिच्या तळावरून वाहते तशी ती तळामधूनही वाहते. ओढ्याच्या उथळ पाण्यात वाळूवर ज्या लाटांसारख्या वळ्या पडलेल्या दिसतात, त्या निव्वळ शोभेच्या नव्हेत. प्रवाह वळीच्या चढत्या अंगावर आपटतो तेथे पाण्याचा दाब वाढतो व पाणी वाळूत शिरते. वळीच्या उतरत्या अंगाकडे दाब कमी असतो, तेथे ते वाळूतून फिरून वर येते. अशा रीतीने नदीचे पाणी अहोरात्र वाळूत शिरत व बाहेर पडत असते. पाण्याबरोबर त्यातील कणही आत जातात. पण पाण्यास परतीची वाट मिळते तशी ती प्रत्येक कणास मिळत नाही. वाळूच्या दाण्यांमधील फटींहून जो मोठा तो वरच्या थरात अडकतो. त्याहून लहान तो आणखी खोल जाऊन एखाद्या अरुंद फटीत थांबतो. तंतू तर दाण्यांभोवती गुरफटूनच बसतो. त्यातच या वळ्या एका जागी स्थिर नसतात. मागच्या अंगाची वाळू पुढच्या अंगावर ओघळून त्या हळूहळू पुढे सरकतात, आणि सरकताना कालचा कण आजच्या वाळूखाली पुरून टाकतात.

आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींस एकावर एक माठ ठेवून, त्यांत वाळू व कोळसा घालून पाणी गाळण्याची रीत आठवत असेल. शहरांच्या पाणीपुरवठ्यातही वाळूची गाळणी फार जुनी आहे. फ्रान्समध्ये दिजाँ शहराच्या पाण्याच्या निमित्ताने आंरी दार्सी याने वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम बसविला, त्यास १८५६ सालापासून दीड शतकाहून अधिक काळ लोटला. माठातील वाळू पाणी निर्मळ करते ती कशी? मळ स्वतःजवळ ठेवून घेऊन. म्हणूनच ती वाळू वरचेवर धुवावी लागते. नदीच्या निर्मळपणाचे रहस्यही हेच आहे. जिची वाळू कोणी धुवीत नाही व जिच्यात रोज नवा मळ पडतो, अशी ही गाळणी आहे. वर पाणी नितळ दिसते, यावरून खाली काही नाही असे अनुमान काढणे म्हणजे माठातले पाणी गोड लागले म्हणून वाळू स्वच्छ आहे असे मानणे होय.

हा अडकाव किती काळ टिकतो, याचीही गणना झाली आहे. जेनिफर ड्रमंड, एरन पॅकमन व त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, उगमाजवळच्या लहान प्रवाहांत सूक्ष्म कणास एक किलोमीटर पुढे जाण्यास सरासरी ५ तास लागतात. पाणी मंद झाले असता हाच काळ एका किलोमीटरला ७ वर्षांपर्यंत जाऊ शकतो. मूल शाळेत बसविल्यापासून ते सातवीत जाईपर्यंत एक कण एक किलोमीटरच चालला! ‘वाहून गेले’ या शब्दांचा अर्थ यापुढे कोणत्या कोशात पाहावयाचा?

आता हे सर्व रायगडास कसे लागू पडते ते पाहू. येथील नद्या सह्याद्रीत उगम पावून थोड्याच अंतरात समुद्र गाठणाऱ्या. महाबळेश्वरास उगवलेली सावित्री पोलादपूर-महाडवरून हरिहरेश्वर-बाणकोटास मिळते. कुंडलिका कोलाड-रोह्यावरून रेवदंड्यास. अंबा व पाताळगंगा धरमतरच्या खाडीस. चार महिने धुवाधार पाऊस आणि आठ महिने कमी पाणी, हा इथला नेम. म्हणजे वर सांगितलेली मंद प्रवाहाची स्थिती सावित्री व अंबा यांच्या वरच्या भागात वर्षातून सात-आठ महिने आपोआप प्राप्त होते. कुंडलिका व पाताळगंगा यांची गोष्ट थोडी वेगळी. भिरा येथील वीजघराचे १९२७ पासून व खोपोली येथील वीजघराचे १९१५ पासून घाटावरून आणलेले पाणी त्यांत सुटते, त्यामुळे त्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. आणि वाहत्या राहतात म्हणून त्यांच्या तळाची ती गाळणीही बारमाही चालते. या चारही नद्यांना मुंबई-गोवा महामार्ग खारपाडा, नागोठणे, कोलाड व महाड येथे ओलांडतो, तेव्हा टायरांची झीज पहिल्या पावसासरशी त्यांत उतरते. रसायनी, रोहे व महाड येथे कारखान्यांच्या वसाहती आहेत, आणि अंबेकाठी नागोठण्यास तर प्लॅस्टिकचा दाणाच तयार होतो. खालच्या अंगास समुद्राची भरती दिवसातून दोनदा खाडीत चढते व नदीचे पाणी थोपवून धरते. जे समुद्रास मिळाले असे वाटले होते त्यातील काही भाग ती माघारी आणून खाजणांत व खारफुटीच्या मुळांत घालते. वरून नदी देते, खालून भरती परत करते, आणि मध्ये वाळू ठेवून घेते. प्लॅस्टिक साठविण्याची याहून पक्की योजना कोणी बुद्धिपुरस्सर आखली असती तरी साधली नसती.

यावर जे आक्षेप येतात त्यांचा आता विचार करू.

पहिला आक्षेप पुराचा. ‘कोकणात दरवर्षी पूर येतो, तो तळ धुऊन नेतो; मग चिंता कशाची?’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मँचेस्टरभोवतीच्या दहा नद्यांचा तळ ४० ठिकाणी तपासून शास्त्रज्ञांनी २०१८ साली असे दाखविले, की २०१५-१६ च्या हिवाळी पुरांनी तळातील सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लॅस्टिक उपसून नेले. परंतु आक्षेपकांनी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. उरलेले ३० टक्के कोठे आहे? आणि नेलेले ७० टक्के कोठे गेले? जुलै १९८९ मध्ये जांभूळपाड्यास अंबेने आणि जुलै २०२१ मध्ये महाडास सावित्रीने काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांस ठाऊक आहे, की पूर तळातला गाळ नेमका समुद्रातच नेऊन टाकीत नाही. तो घराघरांत, दुकानांत, विहिरींत व भातशेतांत पसरवितो. आठ महिन्यांची साठवण चार दिवसांत गावावर रिती करणे यास जर कोणी सफाई म्हणत असेल, तर आपल्या दारचा केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्या गृहिणीसही स्वच्छतेचे पारितोषिक द्यावयास हवे.

दुसरा आक्षेप उपशाचा. ‘वाळूतच अडकले आहे ना? मग वाळू काढली की प्रश्न सुटला.’ २०२१ च्या पुरानंतर महाडास सावित्रीतील गाळ काढण्याचे काम झाले, आणि पूर ओसरावा यासाठी ते आवश्यकही होते. तथापि गाळ काढणे व विष काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काढलेला ढीग नदीकाठीच राहिला तर पुढच्या पावसात तो जेथून आला तेथेच परत जाणार. खाड्यांतून वाळूचा जो उपसा होतो, त्यात हातपाटीने काढणारा मजूर बुडी मारून पाटीभर वाळू आणतो. पण सक्शन पंप लागला म्हणजे खोलवर पुरलेले थर ढवळून निघतात आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेले कण पुन्हा पाण्यात मोकळे होतात. पुरलेला दोष उकरून पाण्यात सोडणे हा दोषाचा परिहार कसा ठरतो, हे त्या आक्षेपकांनीच सांगावे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा असून तो अधिक वजनाचा आहे. ‘या कणांपासून मनुष्यास अपाय होतो हे सिद्ध कोठे झाले आहे?’ जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिकवर २०१९ साली अहवाल काढला, त्यात उपलब्ध पुरावा अपुरा आहे असे म्हटले आहे, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पण त्याच अहवालात अधिक संशोधन करा व प्लॅस्टिकचे प्रदूषण कमी करा असेही सांगितले आहे. आक्षेपकांना पहिले वाक्य तोंडपाठ आणि दुसऱ्याचे विस्मरण! पुढे २०२२ साली नेदरलंड्समधील शास्त्रज्ञांनी २२ निरोगी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळले. अपाय सिद्ध झालेला नाही याचा अर्थ निरुपद्रवीपणा सिद्ध झाला असा होत नाही. आणि येथेच वाळूची गोष्ट निर्णायक ठरते. समजा, आणखी वीस वर्षांनी अपाय निर्विवाद सिद्ध झाला. धूर असता तर चूल विझवून थांबविता आला असता. सांडपाणी असते तर नळ बंद करता आला असता. परंतु वीस वर्षे वाळूच्या थराथरांत मुरलेले कण कोणत्या चाळणीने वेचून काढणार? जे परत घेता येत नाही, त्याच्या बाबतीत पुराव्याची वाट पाहत बसणे यास शास्त्रीय सावधगिरी म्हणत नाहीत.

शिवाय या वाळूशी आपला संबंध दूरचा नाही. उन्हाळ्यात अनेक वाड्यांतील बायका कोरड्या पात्रात वाळू उकरून, झिरपलेले पाणी वाटीवाटीने भरतात. गावोगावच्या नळपाणी योजनांच्या विहिरी नदीकाठी, याच वाळूतून पाझरणाऱ्या पाण्यावर आहेत. खाडीच्या तळाशी तिसऱ्या, खुबे, कालवे आहेत, ती पाणी गाळून त्यातले कण खाऊनच जगतात. मासा आपण साफ करून, आतडी टाकून खातो. तिसरी मात्र आतड्यासकट ताटात येते. ज्या कुटुंबाचे रोजचे कालवण ओहोटीच्या वेळी खाडीत उतरलेल्या सासू-सुनांच्या हातांनी मिळते, त्यांना ‘अद्याप काही सिद्ध नाही’ असे सांगावयास आमच्या विद्वान मित्रांनी एकदा रेवदंड्याच्या किंवा बाणकोटच्या खाडीवर जावे.

चौथा आक्षेप कायद्याचा: ‘सरकारने बंदी घातली आहे, आता लोकांनी पाळावी.’ महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या वस्तू यांवर बंदीची अधिसूचना काढली. केंद्र सरकारने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तू बंद केल्या. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते, वेचणाऱ्यास तिचे मोल मिळते, हा जाडीच्या नियमामागील हेतू आम्हांस मान्य आहे. पण जी वेचली गेली नाही तिचे काय? तेवढ्याच आकाराच्या १२० मायक्रॉनच्या पिशवीत ५० मायक्रॉनच्या पिशवीच्या जवळजवळ अडीचपट प्लॅस्टिक असते, आणि ऊन व वाळू ते सारे सावकाश दळून देतात. शिवाय हे सर्व कायदे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचे आहेत. आपल्या साड्यांचे तंतू, टायरांची भुकटी आणि गटारातून गेलेला दाणा यांतील कशालाच पिशवीबंदी शिवत नाही. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण संसारात एक वेळ चालेल, राज्यकारभारात ती चालता कामा नये. नद्यांच्या पाण्याची तपासणी होते ती विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय मळ, रोगजंतू यांची. तीही वरच्या पाण्याची. तळची वाळू उकरून तीत काय आहे हे पाहण्याचा नेम सहसा दिसत नाही. चोर तळघरात आणि झडती गच्चीवर, असा हा प्रकार आहे.

हे मोजता येत नाही, अशी सबबही टिकणारी नाही. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी जुहू, वर्सोवा, दादर व अक्सा येथील वाळूतील प्लॅस्टिक मोजून २०१३ साली प्रसिद्ध केले. एका चौरस मीटरला सरासरी ६८ हून अधिक तुकडे, आणि त्यांतील सुमारे ४२ टक्के १ ते ५ मिलिमीटरांचे. मुंबईच्या चौपाटीवर जे मोजता आले ते बंदराच्या पलीकडे सावित्री-कुंडलिकेच्या पात्रात का मोजता येऊ नये? कॅलिफोर्नियाने तर २०२२ साली पिण्याच्या पाण्यातील या कणांच्या चाचणीचे धोरणच ठरविले.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. या चारही नद्यांच्या तळची वाळू ठरलेल्या जागी, ठरलेल्या खोलीपर्यंत, वर्षातून दोनदा तपासावी: एकदा मे महिन्यात पावसापूर्वी, एकदा ऑक्टोबरात पावसानंतर, आणि आकडे गावच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावावेत. जेथे दाणा तयार होतो, भरला जातो वा उतरविला जातो, तेथील प्रत्येक गटारास जाळी असावी, आणि सांडलेला दाणा हा तेल सांडल्याइतकाच दखलपात्र मानावा. श्रीलंकेजवळ २०२१ साली व केरळजवळ मे २०२५ मध्ये जहाजे बुडून किनाऱ्यांवर दाण्यांचा सडा पडला, तेव्हा सर्वत्र हाकाटी झाली. रोज मूठमूठ सांडणाऱ्यास मात्र कोणी विचारीत नाही. वाळू व गाळ काढण्याची परवानगी देताना, काढलेला माल कोठे टाकणार हे आधी लिहून घ्यावे. आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून जी मंडळी किनाऱ्यावर उतरते, तिच्या कचऱ्याचा भार अल्प उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीवर न टाकता त्याच्या व्यवस्थेचा खर्च पर्यटनाच्या उत्पन्नातून काढावा.

ही शेवटची मागणी वाचून आमच्या वर्गातील काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. किनाऱ्याच्या घाणीचा दोष कोळीवाड्यावर व खेड्यावर टाकण्याची सुशिक्षित कुटुंबांस सवय झाली आहे. परंतु पॉलिएस्टरची वस्त्रे कोणाच्या कपाटात अधिक आहेत? मोटारी कोणाच्या दारी आहेत? डबाबंद खाऊचे वेष्टन कोणाच्या सहलीतून मागे राहते? ज्या महाडास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे बजावले, त्या महाडाजवळून सावित्री वाहते. पाणी सर्वांचे, तर ते राखण्याचे कर्तव्यही सर्वांचे. ते नासविणारा एक आणि झिऱ्यातून उपसून पिणारा दुसरा, ही वाटणी त्या शिकवणुकीस शोभणारी नाही.

नदीचे मूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीचा मान राखून आम्ही असे सुचवितो, की मूळ राहू द्या, निदान तळ तरी शोधा. येत्या मे महिन्यात पाणी उतरेल तेव्हा सावित्री, कुंडलिका, अंबा व पाताळगंगा यांच्या पात्रांतील चार ओंजळी वाळू जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू. त्या ओंजळीत काय निघाले हे एकदा कागदावर आले, म्हणजे ‘वाहून गेले’ असे म्हणण्याचे धाडस कोणत्या अधिकाऱ्यास, कारखानदारास वा गृहस्थास होते ते पाहता येईल.